जावेचं मत

धाकटी जाऊ मुख्याध्यापिका झाली तर आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब थोरलीने आपल्या चष्म्याच्या दुकानात बसल्या बसल्या कधीच मांडला होता. शाळेत मान धाकटीला, घरात कौतुक धाकटीचं, आणि आपल्या वाट्याला ‘बाईंच्या जाऊबाई’ एवढीच ओळख. सासूबाई आत्ताच ऊठसूट धाकटीचे दाखले द्यायच्या. पुढे तर बोलायची सोयच उरली नसती. उलट धाकटी पडली, तर निदान घरातली पारडी सारखी झाली असती.

आणि थोरली शाळा मंडळाची सभासद होती.

मंडळाचा रिवाज असा, की आपल्या माणसाचा विषय निघाला की सभासदाने नातं सांगायचं, उठायचं आणि मतदान होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचं. भाच्याच्या नेमणुकीच्या वेळी मंडळातला औषधवालाही तिथे मुकाट बसून आला होता. त्या दिवशी बाकीच्या पाचही जणांनी थोरलीकडे पाहिलं. तिने नातं सांगितलं, पर्स मांडीवर घेतली आणि जागची हलली नाही. बाक हा नातेवाइकांची तळी उचलणाऱ्यांसाठी, असं तिचं म्हणणं. आपण तर जावेच्या विरोधात मत देणार, मग बाहेर कशाला जायचं?

अध्यक्ष दातांचे डॉक्टर. जन्मभर दुसऱ्यांना आ करायला लावलेला माणूस स्वतःच आ वासून बसला. मग तिच्यासकटच मतदान झालं. दुसरे उमेदवार, गणिताचे मास्तर, चार विरुद्ध दोन मतांनी निवडून आले. थोरली बाहेर बसली असती तरी तेच आले असते, तीन विरुद्ध दोन. पण जळणाऱ्या माणसाचं नुसत्या जिंकण्याने भागत नाही. त्यात आपला हात लागावा लागतो.

सभासदांनी तिच्या निःपक्षपातीपणाची वाहवा केली. ती अंगावर मिरवत थोरली दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेली, तर धाकटी कपडे वाळत घालत होती. अध्यक्षांकडे तक्रार करून आल्याचं तिने चिमटे लावता लावताच सांगितलं.

“माझ्या प्रामाणिकपणाचा राग आला होय तुला?” थोरली म्हणाली.

“ताई, तुम्ही माझ्या बाजूने मत दिलं असतंत तरी हेच केलं असतं. नातं काय एकाच बाजूने मोजतात?”

आठवड्याने पुन्हा मतदान झालं. या खेपेला थोरली बाकावर. आत औषधवाल्याने बाजू बदलली. सख्खी जाऊ जिच्यावर एवढी जळते, त्या बाईत काहीतरी असणारच, असं त्याचं गणित. तीन विरुद्ध दोन, धाकटी.

तर धाकटीला खुर्ची मिळाली, औषधवाल्याला स्वतःच्या हुशारीचं समाधान मिळालं. थोरलीला मंडळाने समज दिली, आणि सासूबाई जेवताना देतात ती निराळी. पण ते तिने हौसेने विकत घेतलेलं, त्याला भुर्दंड म्हणता येत नाही. भुर्दंड पडला मास्तरांना. त्यांचं कुणाशी नातं नव्हतं, वाकडं तर नव्हतंच. एक आठवडा ते मुख्याध्यापक होते, आणि बायकोने दारावरची पाटीसुद्धा नव्याने रंगवायला टाकली होती.