मुठीत धरलेली कळ

"अहो, ढकलू नका हो मागून! आधीच कंबरेचा पत्ता नाही माझ्या!" रांगेतली बाई करवादली. ढकलणाऱ्या होत्या जाऊबाई. त्यांचा हात धरून मागे त्यांची धाकटी जाऊ.

गल्लीच्या टोकापर्यंत वाकलेली माणसं. आत सुईमहाराज एकेकाला टोचायचे आणि मूठ आवळून गरजायचे, "कळ कुठंय?"

"मुठीत!" गर्दी ओरडायची.

संध्याकाळपर्यंत वाकलेला माणूस ताठ चालायचा. आता बोला!

घरचाच शिवणकारखाना. जाऊबाई दिवसभर उभ्यानं इस्त्री करायच्या. डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली, तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, थोरल्या भाऊजींनीच, महाराजांचा पत्ता आणला. आठ महिने, दर आठवड्याला एक सुई.

"तोंडावर तेज बघ कसं चढलंय!" भाऊजी म्हणायचे.

शिलाई मशीनवर बसणाऱ्या धाकटीची टेप वेगळंच सांगत होती. जाऊबाईंची कंबर चार इंच वाढलेली, दंड मात्र उतरलेले. सुई घेणाऱ्या आणखी तिघींची मापं अशीच.

"अंगानं भरलेल्या बाईचे दंड वाळतात का हो, जाऊबाई?"

"मेले, माझं बरं झालेलं बघवत नाही तुला!"

धाकटीनं टेप गुंडाळली आणि मशीन चालू केलं. ऑर्डर तोंडावर आली होती.

आणि परवा, कापडाचा साधा गठ्ठा उचलताना जाऊबाई किंचाळून खाली बसल्या. त्यांना उठताच येईना; इस्पितळात न्यावं लागलं.

महाराजांच्या मागच्या दारी कचऱ्यात पडलेली रिकामी बाटली धाकटीनं इस्पितळात नेली. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं.

"स्टेरॉइड. यानं सूज दबते, दुखणं लपतं. औषध वाईट नाही. पण तपासून, मोजून, मोजक्याच वेळा द्यायचं. दर आठवड्याला टोचलं की हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, तोंड सुजतं. यांचा मणका चेपलाय. आणि आता एकदम बंदही करता येत नाही. हळूहळू उतरवावं लागेल."

म्हणजे तेज नव्हतं, सूज होती.

"गळा कापला हो त्या भामट्यानं!" भाऊजींनी कपाळ बडवलं. "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळणार?"

खाटेवर जाऊबाई छताकडे बघत होत्या.

"बाटलीवरचं नाव विचारायला शिक्षण लागत नाही, भाऊजी," धाकटी म्हणाली. "आणि कळत होतं. मला टेपनं सांगितलं, तुम्हाला डॉक्टरांनी. पण यांनी विश्रांती घेतली असती तर इस्त्रीला उभं कोण राहणार होतं? म्हणून आपणच यांना त्या रांगेत नेत होतो. तुम्ही. आणि मीसुद्धा."