तिसऱ्या खांबाची तहान

ओहोटीचं पाणी पोटऱ्यांना लागत होतं. तिरुवेंगडमनी वेष्टी गुडघ्यावर खोचली आणि धक्क्याच्या तिसऱ्या खांबावर हातोडी हलकेच मारली. दुसऱ्यांदा मारायला हात उचलला, तो तसाच राहिला. आवाज नीट ऐकायचा धीर होईना.

'खांबाला चीर पडली आहे. होड्या लावाव्यात की नाही, तुम्हीच सांगा.' सवेरियम्माचं हे पत्र पोंगलपासून त्यांच्या पुस्तकात खुणेसारखं पडून होतं. उत्तरं लिहिली आणि फाडली. धक्का बांधला तेव्हा ते तरुण इंजिनिअर होते, आणि नेमका हा खांब उभा राहिला तेव्हा तापाने अंथरुणावर. त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या होत्या. ओलं काँक्रीट मुरावं म्हणून खांबाला गुंडाळलेली पोती गवंड्यांनी समुद्राच्याच पाण्याने भिजवली असतील, मीठ आत शिरलं असेल, एक दिवस सळया गंजून फुगतील आणि काँक्रीट फोडतील, ही धास्ती त्यांनी तेव्हापासून मनातच ठेवली होती.

"इंजिनिअर अय्या! पत्राचं उत्तर चालत आणलंत होय?"

वरून सवेरियम्मा वाकून बघत होती. कोळी बायकांच्या संघाची ती म्हातारी पुढारी. पदर अजून तसाच कमरेला खोचलेला.

"शाई वाळत नव्हती," ते पुटपुटले.

"वाळली असेल आता. मारा ती हातोडी. होड्या वाळूवर ओढून पोरांच्या पाठी मोडल्यात."

त्यांनी खालपासून वरपर्यंत ठोकत नेलं. खांब कुठेही पोकळ वाजला नाही. चीर केसासारखी, कडेची. गंजाचा डागसुद्धा नव्हता. एखादी होडी आदळली असावी. ते चिरेवर बोट ठेवून उभे राहिले.

"अम्मा, तेव्हा पोती कुठल्या पाण्याने भिजवली?"

"प्यायच्या. आणखी कुठल्या? तुम्ही तापात गोडं पाणी, गोडं पाणी करत होता. मी पेला तोंडाला लावला, तर ढकलून दिलात. म्हणालात, मला नको, खांबाला! लुगडं भिजलं माझं. मग आम्ही बायका रोज आपापल्या घागरीतलं अर्धं नेऊन ओतायचो. सासू शिव्या घालायची, खांब आहे की जावई?"

तिरुवेंगडमनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंत कधी? बरे झालात आणि मान खाली घालून पुढच्या खांबाकडे गेलात."

तिने वरून पाण्याचा तांब्या दिला. ते तांब्याकडे बघत राहिले, मग खांबाकडे.

"प्या हो. त्याची तहान कधीच भागली."

त्यांनी घोट घोट करत सगळं पाणी संपवलं.

"होड्या लावा," ते म्हणाले.

"तोंडी नको. पोरं माझं ऐकत नाहीत. तुमच्या अक्षरात पाहिजे."

बस यायला अवकाश होता. चर्चजवळच्या पोस्टात त्यांनी कार्ड घेतलं. होड्या लावाव्यात, ऐप्पसी महिन्याच्या पावसाआधी चीर भरून घ्यावी. खाली थोडी जागा उरली. पेन धरून ते बराच वेळ बसले, मग लिहिलं, 'पाणी पोचलं.'

आणि दुसऱ्यांदा न वाचता कार्ड पेटीत टाकलं.