झाकणाखालचा वारा

सासऱ्यांनी गाडीची किल्ली धाकटीच्या हातात दिली, तेव्हा थोरली एक नट आवळत होती. तो नट गरजेपेक्षा जरा जास्तच आवळला गेला.

"थोरली परवापासून झटतेय," खुर्चीतून सासरे म्हणाले. "आता तू बघ गं."

तुम्हीच सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही? गॅरेज घरचंच. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून त्यांच्या या जुन्या फ्युएल-इंजेक्शनच्या गाडीला थोरलीशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. आणि ही जाऊ काल-परवा घरात आलेली.

रोग मोठा चमत्कारिक होता. गाडी उभी असली की इंजिन धापा टाकायचं. चढायचं, बसायचं, विझता विझता सावरायचं. त्याचं निदान थोरलीला ठाऊक होतं. इंजिनात जाणारी हवा मीटरमधून मोजून जाते आणि त्या मापानंच पेट्रोल मिळतं. भलतीकडून चोरटा वारा शिरला की सगळा हिशेब फिसकटतो. त्या चोरासाठी तिने व्हॅक्यूमचा एकेक पाइप पकडीने दाबून पाहिला, जोडांवर गळती दाखवणारा स्प्रे मारला, ब्रेककडे जाणारा जाड पाइपसुद्धा बदलला. चोर काही सापडेना.

"ताई, पाइप सगळे बघितलेत ना?" धाकटीने विचारलं.

"छे. नुसत्या गप्पा मारल्या त्यांच्याशी."

धाकटी हसली. मेलीचं हसणंही गोडच होतं. तिने इंजिन चालू केलं, त्याच्या डोक्यावरचं तेलाचं झाकण काढलं आणि कान देऊन उभी राहिली. इंजिन आपलं तस्संच धापा टाकत राहिलं.

"झाकण उघडलं की इथून वारा आत शिरतो, आता हे अडखळायला हवं होतं. झाकण काढलं तरी याला पत्ता नाही. म्हणजे लावलेलं असतानाही वारा इथूनच जात होता." तिने झाकण उलटं केलं. आतल्या खाचेत रबराचा वॉशर नव्हता.

थोरलीचा हात खिशाकडे गेला. तेल बदलताना जुना, कडक झालेला वॉशर तिनेच उकरून काढला होता. त्याच्या जागी बसवायचा नवा वॉशर खिशात टाकला, तो अजून खिशातच होता.

"काय सापडलं?" सासऱ्यांनी विचारलं.

धाकटीने एकवार थोरलीकडे पाहिलं. "विशेष काही नाही, बाबा. वॉशर जुना होता, तुटून पडला असेल."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कान हिचा, मान हिचा, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच? जन्मभर हिच्या उपकाराखाली वाकून राहायचं? ते काही तिला सोसवेना.

"तुटला-बिटला नाही," ती फणकाऱ्याने म्हणाली. "मीच बसवायला विसरले. हा बघा."

भगवंताची लीला अगाध. कधी कधी तो मत्सराच्या तोंडूनही खरं वदवून घेतो.

सासरे तिच्या तळहातावरच्या वॉशरकडे बघत राहिले. "म्हणजे हा खिशात घेऊन चोर शोधत होतीस."

"हो."

धाकटीला हसू आवरेना. थोरलीने डोळे वटारले, पण ओठ तिचेही नीट मिटेनात.

"बसव आता," सासरे म्हणाले.

तिने वॉशर बसवला, झाकण फिरवलं. इंजिनाची धाप थांबली. धाकटीने परत झाकणाकडे हात नेला, तसा थोरलीने तो बाजूला सारला आणि झाकण स्वतः उघडलं. इंजिन लगेच अडखळलं.

"बघितलंस? असं अडखळायला हवं," ती म्हणाली, जणू हे तीच शिकवत होती.

"हो, ताई." धाकटीने झाकण लावलं, इंजिन बंद केलं आणि किल्ली पुढे केली. "एक चक्कर मारून बघायची?"

"मी चालवणार," थोरली म्हणाली. आत बसली, आणि हात लांब करून शेजारचं दार आतून उघडलं.