उपडी नळी

आमच्या बुकिटिंग्गीकडच्या लोकांत घर बाईचं असतं. नवरा तिथे पाहुणा, आणि नवऱ्याची बहीण तर पाहुण्याची पाहुणी. माझ्या थोरल्या नणंदेला, युस्ना उनीला (उनी म्हणजे ताई), हे माहीत नव्हतं असं नाही. तरी माझ्या तान्ह्या रफ्कीला पहिल्यांदा नदीवर न्हाऊ घालण्याच्या, त्याच्या आजारपणामुळे लांबलेल्या समारंभाच्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात मालकिणीसारखी शिरली. हातात बांबूची नळी, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. आत दादियाह, म्हणजे नळीतच विरजलेलं म्हशीचं दूध. बुकिटिंग्गीच्या बाजारात तेच विकून ती नाक वर करून फिरते.

रफ्कीला दुधाची ॲलर्जी होती. डब्यातल्या दुधाने त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, शीतून रक्त पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कुठल्याही जनावराचं दूध बंद केलं, तो अंगावर पीत होता म्हणून माझ्या जेवणातलंसुद्धा, आणि पोटासाठी चांगल्या जंतूंचे थेंब लिहून दिले. "काही मुलांना फायदा होतो, काहींना नाही," त्या म्हणाल्या. "पण थेंब चालू आहेत म्हणून दूध द्यायचं नाही."

उनीने तेवढे थेंबच ऐकले. "बाटलीतले जंतू कशाला? माझ्या नळीत जिवंत आहेत."

"उनी, हे दूध आहे."

"दूध सांडतं." तिने नळी माझ्या तोंडासमोर उपडी धरली. आतलं पांढरं जागचं हललं नाही. "सांडलं? आणि हे गाईचं नाही, म्हशीचं आहे. आपली पोरं यावरच वाढली."

"तुमची वाढली असतील. माझ्या पोराला लावायचं नाही."

"आत्या आहे मी त्याची. वाटेवरची नाही."

मी पाहुण्यांना भात वाढायला वळले, तेवढ्यात तिने बोट बुडवून त्याला चाटवलं. ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मोटरसायकलवर त्याला छातीशी धरून मी दवाखान्यात पोहोचले, डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, तेव्हा तो रडला. त्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

मी उनीला घर बंद केलं. नवरा म्हणाला, "तिने मुद्दाम नाही केलं, नेल्दा."

"मग तिच्याकडेच राहा जाऊन."

तो गेला नाही. पण त्याने पुन्हा तिचं नावही काढलं नाही.

रफ्की पळायला, बोलायला लागला. पोट कधीच सुधारलं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी त्याला दवाखान्यातच बसवून घोट घोट दूध पाजलं. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मी विचारलं, "थेंबांमुळेच ना?"

"असेलही. पुष्कळ मुलांची ॲलर्जी वयानुसार आपोआपही जाते. नक्की कशाने गेली, मला सांगता येणार नाही. आता दूध, दही, दादियाह, सगळं देत जा."

मला जिंकायचं होतं, आणि बाईंनी निकालच दिला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी रफ्कीला घेऊन थेट उनीच्या दुकानावर गेले. ती किती म्हातारी दिसायला लागली होती. मला बरं वाटलं.

"डॉक्टरांनी परवानगी दिली आहे," मी म्हटलं. "भरवा त्याला."

तिने वाटीत दादियाह काढलं, वर गुळाचा पाक घातला, चमचा भरला. हात अर्ध्यावर थांबला. "माझ्या हातून नको, नेल्दा."

"का? सांडत नाही ना? मग दूध कसलं? उपडी करून बघा की."

तिने चमचा वाटीत ठेवून दिला. डोळे भरले होते. हेच बघायला मी आले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रफ्कीने चमचा उचलला आणि आम्ही दोघींनी एकदमच त्याचं मनगट पकडलं.

"सोड," उनी म्हणाली.

"तुम्ही सोडा आधी."

कुणीच सोडेना. रफ्कीने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, मग मोकळा डावा हात वाटीत घातला आणि बोटं चाटायला लागला.

आम्ही त्याच्या ओठांकडे बघत राहिलो. डाव्या हाताने खाऊ नये, हे त्याला सांगायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.