पुढच्या उजव्या चाकातली टकटक

हरणाऱ्याने शनिवारी बाजारात माझ्या बायकोचा फुलाफुलांचा पायघोळ झगा घालून वांगी विकायची. गुरुवारी दुपारी नीरफणसाच्या झाडाखाली, यांगोनाच्या मुळ्यांचा काढा पिताना, तिसऱ्या करवंटीला ही पैज लागली. एका बाजूला मी, सेवूलोनी, गावचा वेल्डर आणि जमेल तसा मेकॅनिक. दुसऱ्या बाजूला माझा शेजारी एमोसी. त्याच्याच पिकअपच्या हौद्यात बसून अख्खं गाव लांबासाच्या बाजाराला जातं.

कारण एवढंसंच. एमोसी गाडी घेऊन वळणावरून आला आणि पुढच्या उजव्या चाकातून टक, टक वाजलं.

"तौवू, तुझा बॉल जॉइंट गेला," मी म्हणालो.

"तुझे कान गेले. मागच्या फळीची साखळी वाजतेय ती."

"कुठली, ही?" मी पिशवीतून साखळी काढून चटईवर ठेवली. सकाळपासून माझ्याकडेच होती.

चटईवरचे सगळे खो-खो हसायला लागले. एमोसीला चिडायची सोय नव्हती. त्याच्या मूळ बेटाचं आणि माझ्या मूळ बेटाचं तौवूचं नातं, पूर्वज एकच. एकमेकांची वस्तू न विचारता उचलायची, तोंडाला येईल ते बोलायचं आणि समोरच्याने राग मानायचा नाही. हे नातं तुझ्यासारख्या उपद्व्यापी माणसाची सोय म्हणूनच काढलंय, असं माझी बायको मेरेसेइनी म्हणते.

साखळी माझी चेष्टा होती, टकटक नव्हती. शनिवारी त्या हौद्यात मेरेसेइनी धरून अकरा बायका बसणार होत्या, टोपल्यांसकट. मध्ये घाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेली लोखंडी गोटी. चाक तिच्यावरच वळतं आणि गाडीचा भारही तिच्यावरच. वाटी झिजली की एक दिवस गोटी निसटते, चाक आत दुमडतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला राहतं. एमोसीला मी दोनदा सरळ सांगून पाहिलं होतं. सरळ सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही, पैज मात्र लांबूनसुद्धा ऐकू येते.

"चाक हललं तर मी झगा घालतो," तो म्हणाला. "नाही हललं तर तू घालायचास. आणि केसात फूल."

"फूल पण," मी म्हणालो.

पंच म्हणून उनाइसी बुबूला बसवलं. बुबू म्हणजे आजी. गावातली सगळ्यात म्हातारी, गाडीत नेहमी पुढच्या सीटवर.

एमोसीने जॅक आणला, चॅसीखाली लावला, चाक हातभर उचललं. मग दोन्ही हातांनी वरखाली गदागदा हलवलं. चाक ढिम्म. पाय लावून हलवलं, तरी ढिम्म.

"मेरेसेइनी, झगा काढून ठेव," कोणीतरी ओरडलं. "कमरेत थोडा उसवावा लागेल."

"केसाला तेल लाव म्हणावं," दुसरा म्हणाला. "फूल टिकायला नको?"

मी शांतपणे करवंटी रिकामी केली.

"सेवू, हरलास की रे," बुबू म्हणाली.

"दमानं, बुबू. तौवू, तुझा जॅक मला हवाय."

तौवूने मागितलं तर नाही म्हणता येत नाही. एमोसीने जॅक दिला, पण तोंड असं केलं की जणू मूत्रपिंडच देतोय.

मी गाडी खाली घेतली आणि जॅक चॅसीखाली न लावता चाकाजवळच्या खालच्या आर्मखाली, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या दांड्याखाली लावला. टायर जमिनीपासून दोन बोटं सुटेल एवढंच उचललं. नारळ सोलायची लोखंडी कांब टायरखाली सरकवली.

"बुबू, तू उचल."

"मी? माझ्याच्यानं लोटा उचलवत नाही."

"उचलून तर बघ."

बुबूने एका हाताने कांब वर केली. टक. अख्खं चाक अर्धं बोट वर गेलं. तिने हात सैल सोडला. टक, चाक खाली. तिला मजा वाटली असावी, तिने पुन्हा केलं.

चटईवरचे सगळे उठून चाकाजवळ आले.

"चॅसीवर उचललंस की आर्म लोंबतो," मी एमोसीला म्हणालो. "आतला स्प्रिंगसारखा पिळलेला बार त्याला खाली रेटतो, गोटी वाटीत घट्ट दाबून बसते. ढिलाई दिसणार कुठून? आर्मखाली उचल, मग कळतं."

"मी वर्षभर असंच तपासतोय."

"म्हणून तर वर्षभर गाडी चांगली आहे."

एमोसी गाडीखाली वाकला. जॉइंटवरचं रबर फाटून आत लाल चिखल भरला होता. तरी बाहेर येऊन म्हणाला, "महिनाभर चालेल. शनिवारची फेरी करतो, मग बघू."

"तू कर ना," बुबू म्हणाली. "आम्ही चालत जातो. मी आजच निघते, म्हणजे शनिवारपर्यंत पोचेन."

हौद्यात बसणाऱ्या बाकीच्या बायका तिच्या मागे उभ्या राहिल्या. एमोसीने एकेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खोल," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळच्या बसने नवे जॉइंट आले. जुन्याचा नट काढून मी आर्मवर हातोड्याचा एकच ठोका दिला आणि गोटी वाटीतून सुटून एमोसीच्या हातात पडली. एका ठोक्यात. त्याने ती हातात फिरवून पाहिली.

"बुबू पुढेच बसते," तो म्हणाला.

"दुसरी बाजू पण बदलतोय. पाना दे."

शनिवारी गाडी मी चालवली. एमोसी झगा घालून हौद्यात, टोपल्यांच्या मध्ये, कानावर लाल जास्वंद. त्याचा सुलू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र, त्याने माझ्याकडे ठेवायला दिला होता. घाटात बायका गात होत्या. चाकातून आवाज नाही. लांबासाच्या अलीकडे गाड्या तपासणाऱ्या साहेबाने हात केला.

"मालक कोण?"

हौद्यातल्या झग्याने हात वर केला. साहेबाने चाकं तपासली, कागद तपासले. जास्वंदीकडे मात्र बघायचं टाळलं.

बाजारात पठ्ठ्या लाजला नाही. मेरेसेइनीच्या जागेवर मांडी ठोकून बसला आणि वांग्यांचे ढीग लावले.

"बाई, कडू नाहीत ना?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"ज्याने मला हा झगा घालायला लावला, त्याच्या जिभेपेक्षा गोड आहेत, ताई. दोन ढीग घे."

तिने तीन घेतले. बघता बघता त्याच्याभोवती कोंडाळं झालं, शेजारचा मासेवालासुद्धा धंदा सोडून आला. दहाच्या आत टोपली रिकामी.

एमोसी उठला, झगा झटकला. "झालं, पैज फिटली. माझा सुलू दे आता, तौवू."

"कुठला, हा?" मी पिशवी उघडून दाखवली. आत फक्त साखळी होती.