पिवळी पिन

अब्दुल रहीमने टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागच्या भोकांपाशी डोकं नेलं. डीव्हीडी प्लेअरच्या वायरीला तीन पिना होत्या: लाल, पांढरी, पिवळी. टीव्हीच्या पाठीला मात्र दोन लाल भोकं, एक पांढरं, एक निळं आणि एक हिरवं. पिवळं कुठेच नव्हतं.

त्याने पांढरी पिन पांढऱ्यात घातली, तिच्या शेजारच्या लालात लाल. पिवळी हातात धरून तो तसाच उकिडवा बसून राहिला. माणूस जातीचा शिंपी नसला तरी धंद्याने पक्का शिंपी. हिरव्या कापडाला पिवळा दोरा त्याने उभ्या आयुष्यात लावला नव्हता, आणि आता टीव्हीपायी लावणार नव्हता. त्याने ती पिन मागे लोंबती सोडून दिली.

टीव्ही नवा होता. पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा जिब्रान ईदेला घेऊन आला होता. प्लेअर जुना, वरती क्रोशाचा रुमाल टाकून खुर्शीदबीने जपलेला. नव्या सुनेशी जुन्या सासूचं जमवून द्यावं तसं हे काम होतं, आणि त्यासाठी चौकातल्या टीव्हीवाल्या नत्थुजीला बोलावण्याची सोय नव्हती. नत्थुजी चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरातून हलत नसे, आणि या डिस्कमध्ये होत्या सगळ्या बायका. मुलीच्या, शाइस्ताच्या मांझ्याची डिस्क होती ती. मांझा म्हणजे निकाहाआधीची हळद. तिथे पुरुषाचं काम नाही. अकोल्याच्या भाचीने, कहकशाँने, आपल्या छोट्या कॅमेऱ्यावर सगळं टिपलं होतं आणि लग्न होऊन शाइस्ता सासरी रुळल्यावर आता कुठे डिस्क धाडली होती. चित्र आलं की तुमी बाहेर जायचं, असं खुर्शीदबीने नवऱ्याला सकाळीच बजावून ठेवलं होतं.

त्याचीही ना नव्हती. त्याला दुसऱ्यांच्या बायका पाहायच्या नव्हत्या, एक खांदा तेवढा पाहून उठायचं होतं.

मांझ्याचा पिवळा जोडा, म्हणजे कुर्ता-सलवार, त्याने स्वतः शिवला होता. हा जोडा हळदीत माखून वाया जायचा म्हणून लोक स्वस्तातला घेतात. पण त्या साली कापसाला भाव नव्हता, खेड्यांवरची गिऱ्हाइकं सणालाही फिरकली नव्हती, मशीन रिकामी होती. तेव्हा त्याने मन लावून साटनचा जोडा शिवला, गळ्याला हाताने गोट लावला. घोळ झाला तो मापाचा. वयात आलेल्या लेकीच्या अंगाला बापाने टेप लावायचा नाही, म्हणून त्याने तिचा जुना कुर्ता मापाला घेतला. तो कुर्ता बी.एड.च्या आधीचा, आणि बी.एड.च्या अभ्यासात पोरगी वाळलेली, हे त्याच्या ध्यानात आलं ते लग्न उरकल्यावर. जन्मभर लोकांच्या लेकींचे खांदे बसवले आणि आपल्याच लेकीचा उतरला असेल, हा विचार तेव्हापासून त्याला सुखाने जेवू देत नव्हता. शाइस्ताला विचारायची लाज वाटे. खुर्शीदबीला विचारलं होतं. ती त्या दिवशी स्वयंपाकाच्या देगचीपाशी अडकलेली. म्हणाली, अच्छा था. पण ती करपलेल्या डाळीलाही अच्छाच म्हणायची.

त्याने बटण दाबलं. पडदा निळाच राहिला. मग एकदम ढोलकी वाजली आणि बायकांच्या गाण्याने खोली भरून गेली.

चित्र नव्हतं, आवाज तेवढा होता. अब्दुल रहीम सवयीने उठायला लागला. खुर्शीदबी अंजनगावकडची, माहेरी घरातही वऱ्हाडी चाले, ती तिच्या तोंडात अजून तशीच होती.

"बसा न," ती म्हणाली. "पाहाले हायेच कोन तिथं?"

तिने चहा आणला. दोघं निळ्या पडद्यासमोर बसून ऐकू लागले. ती आवाजावरून एकेकीचं नाव सांगत होती; ही गुलफाम, ही कासारांची जमुना, हा खोकला माझ्या आपाचा. मध्येच पोरी खिदळल्या आणि एकदम गप्प झाल्या. त्याने विचारलं, काय झालं. पोरी हसतातच, ती म्हणाली. तेवढ्यात शाइस्ताचा आवाज आला, अगदी जवळून.

"जोडे पे हल्दी नको लगाव. अब्बाने सीया है. पुरानी ओढनी लाव पहले."

अब्दुल रहीमने कप खाली ठेवला. कुणीतरी म्हणालं, मांझ्याचा जोडा कुणी जपतं का. शाइस्ताने ऐकलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. ढोलकी पुन्हा सुरू झाली. शुक्रवार होता, तो अंघोळ करून टोपी घालून नमाजाला गेला तेव्हा ढोलकीचाच ठेका त्याच्या पावलांत होता.

तो गेल्यावर जिब्रानचा दर शुक्रवारचा फोन आला. खुर्शीदबीने अडचण सांगितली तर तो हसला. पिवळी पिन हिरव्यात घाल अम्मी, म्हणाला, तिथे दोन्ही चालतं.

तिने घातली आणि डिस्क पहिल्यापासून लावली. पडद्यावर तिचंच अंगण उभं राहिलं, पिवळंधमक. पाटावर शाइस्ता. जोडा देखणा होता, पण डावा खांदा दंडावर घसरत होता आणि पोरगी तो हळूच वर ओढत होती. गुलफाम सेफ्टी पिन लावू लागली, पिन सुटली, पोरी खिदळल्या. शाइस्ताने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि चटकन ओठांवर बोट ठेवलं. पोरी गप्प झाल्या. मग ती हळदीबद्दल बोलली, मुद्दाम मोठ्याने, कॅमेऱ्याकडे तोंड करून. जुनी ओढणी आली. ती तिने दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतली.

खुर्शीदबी बराच वेळ लेकीकडे पाहत राहिली. हिला एवढं शहाणपण कधी आलं, ते तिला कळलंच नव्हतं. फाटकाची कडी वाजली तशी तिने टीव्हीमागे हात घातला आणि पिवळी पिन उपसून काढली.

"जिब्रान काय म्हने?" अब्दुल रहीमने चपला काढत विचारलं.

"या टीव्हीवर चित्र नाई येत म्हने."

तो खुर्चीत टेकला. त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"हळद लागू देली नाई तिनं," तो म्हणाला. "म्हंजे खांदा बसला असन."

"बसला होता. मी पाह्यला न."

तो तिच्याकडे बघत राहिला. या वेळी ती अच्छा था म्हणाली नव्हती.

"आता आइका," ती म्हणाली, आणि आवाज थोडा वाढवला.