डबा घासून ठेव

ऑपरेशननंतर शीलाबाईंचा आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, जीव वाचला, पण उरली ती नुसती कुजबुज. पहिल्या बाकापलीकडे न पोचणारी. मोरिवलीच्या त्या शाळेत कारखान्यांची घरघर खिडकीतून वर्गात यायची आणि ऑपरेशनआधी बाई तिच्यावर आवाज चढवून मराठी शिकवायच्या. नववीच्या एका धड्यात मुलगा परमुलखात कामाला निघतो, आई त्याला निरोप देते. बाई तो वाचू लागल्या की मागच्या बाकांवरची पोरंही डोळे पुसायची.

२००६ साली तो धडा आला तेव्हा बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'लेखकाचा सूर कोणता? तुमच्या मनात उमटतो तो भाव कोणता?' आणि जिज्ञासाला वाचायला खुणावलं. जिज्ञासा गावातल्या आगरी घरातली, अबोल. आदल्या वर्षी तिचे वडील वारले होते.

धड्यातल्या आईचं वाक्य आलं, 'डबा घासून ठेव, नाहीतर वास मारतो.' तिने ते अगदी कोरडं वाचलं. मुलं हसली. इथे रडायचं असतं, माझ्या दादाने सांगितलंय, असं भावेश म्हणाला.

बाईंनी हाताने वर्ग गप्प केला आणि तिच्याजवळ जाऊन विचारलं, "असं का वाचलंस?"

"ती रडली असं कुठे लिहिलंय, बाई?" जिज्ञासाची नजर पुस्तकातच होती. "पप्पा गेले ना, तेव्हा मम्मी येईल त्याला चहाच विचारत होती. साखर कमी की जास्त. तिला दुसरं काही बोलताच येत नव्हतं."

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. खरंच, कुठे हुंदका नव्हता, आसू नव्हते. ते सगळं बाईंच्या आवाजाने आणलेलं होतं. तो आवाज आता उरला नव्हता, आणि तरीही ती आई आज पहिल्यांदाच त्यांना नीट ऐकू आली.

त्यांनी फळ्यावर 'सूर: कोरडा' असं लिहिलं. खाली 'भाव:' लिहून पुढची जागा रिकामी ठेवली आणि खडू भावेशच्या हातात दिला. तो फळ्याशी गेला. मग त्याने बारीक अक्षरात लिहिलं, 'भीती'.

बाईंनी होकारार्थी मान डोलावली आणि जिज्ञासाला पुढचा परिच्छेद वाचायला सांगून तिच्याच बाकावर बसल्या.